गाडीत प्रत्येकाला काम होते

मे महिना लागला की शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्यातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. काचा बंद, आत गार हवा. पुढे आईवडील, मागे दोन मुले आणि मुलांच्या हातांत दोन मोबाईल. मुक्कामाचे हॉटेल आल्यावर मुले मान वर करून विचारतात, "आलं?" मधले दोनशे किलोमीटर त्यांच्या लेखी झालेलेच नसतात.

अशा वेळी आमच्या पिढीतली मंडळी हमखास 'आमच्या वेळची गाडी' हा विषय काढतात आणि ऐकणारे जांभया देतात. त्यांचे चुकत नाही. जुने ते सगळे सोने नव्हे आणि जुनी गाडी तर नव्हेच. तरीही त्या गाडीकडे एकदा नीट पाहायला हवे. तिच्याबरोबर घरातली एक चांगली सवय गेली, आणि नव्या गाडीबरोबर ती आपोआप मिळत नाही.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तोवर मध्यमवर्गीयाची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, नाहीतर उत्तरपाड्याची अँबॅसडर. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून पुष्कळांच्या दारात गाडी यायची तीच मुळी दुसऱ्याने वापरलेली. बहुसंख्य घरांत तीही नव्हती. त्यांची भिस्त एसटीच्या लाल गाडीवर. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

आमची गाडी कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नाही. काकांनी दहा वर्षे वापरून ती वडिलांना दिली होती. पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघे सहज मावत. सुटीत दादरहून चिपळूणला आजोळी जाताना आम्ही आठ जण असू. कॅरिअरवर ताडपत्रीखाली वळकट्या, डिकीत स्टेपनीशेजारी पाण्याचा डबा, पायाशी फिरकीचा तांब्या. कोकण रेल्वे धावू लागली १९९८ मध्ये. सत्तरच्या दशकात कोकणात जायचे तर हाच रस्ता होता : पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग कशेडीचा घाट. पहाटे निघावे तेव्हा उन्हे कलता कलता चिपळूण येई.

या प्रवासात रिकामे बसायची मुभा कोणालाच नव्हती. ताई पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड वाचून किती उरले त्याचा हिशेब ठेवी. आजीकडे आलेपाक, लिंबू आणि ज्याला मळमळेल त्याच्यासाठी खिडकीची जागा, हे खाते. आत्या गावांच्या नावांच्या भेंड्या लावी. चढावर गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावणे हे माझे काम. गाडी तापली की बॉनेट उघडून थांबायचे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, वाफ तोंडावर येते, हे आठव्या वर्षी आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. धाकटा भाऊ डबा घेऊन जवळच्या घरी पाणी मागायला जाई आणि कधी कधी पाण्याबरोबर ओंजळभर करवंदेही घेऊन येई.

आजोबांकडे रस्ता होता. महाड आले की १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, पोलादपूर आले की जवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे. सावित्रीच्या पुलावर ते आम्हाला नदीत नाणे टाकायला लावत. तो ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसही वाहून गेल्या. ती बातमी वाचल्यावर आम्ही तिघा भावंडांनी एकमेकांना फोन केले. नकाशावरच्या एका पुलासाठी एवढे वाटले नसते. आजोबांनी तो आमच्या ओळखीचा करून ठेवला होता.

माझे वडील घरात अबोल. कचेरी, वर्तमानपत्र, जेवण, झोप. पण परतीच्या प्रवासात अंधार पडला आणि मागची मंडळी पेंगू लागली की पुढच्या सीटवर मला जागे बसवत. काम एकच, त्यांच्याशी बोलत राहायचे. ते रस्त्याकडे पाहत, मीही रस्त्याकडेच. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी बसून बोलता येते. त्यांना चित्रकार व्हायचे होते आणि धाकट्या बहिणींच्या लग्नांसाठी त्यांनी नोकरी धरली, हे मला पेण आणि पनवेलच्या मध्ये कुठेतरी कळले. आज ते नाहीत. त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे, त्यातले निम्मे त्या सीटवर मिळालेले आहे.

आता दुसरी बाजू. आईला त्या सहलींची आठवण विचाराल तर ती पहाटे तीनला तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या सांगते. तिच्यासाठी ती सुटी नव्हतीच. पाच जणांच्या गाडीत आठ जण, पट्टे नाहीत, मूल मांडीवर आणि समोरून येणारा ट्रक घाटाच्या वळणावर, हे आठवले की आज अंगावर काटा येतो. आम्ही सुखरूप पोहोचलो ते नशिबाने. सीटबेल्ट, एअरबॅग आणि रुंद रस्ते यांनी माणसे वाचतात आणि त्यात रडण्यासारखे काही नाही. २०२३च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा घाटात उभे राहून गाड्या थंड केलेल्यांनी सुटकेचा निःश्वासच टाकला असेल.

तेव्हा जुनी गाडी नको. पण त्या गाडीला जशी आठ माणसांची गरज लागे, तशी नव्या गाडीला कोणाचीच लागत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. गरज नसली की माणूस प्रवासी न राहता सामान होतो. मुलांना आपण दोष देतो, पण त्यांना आपण दुसरे काम काय दिले? आणि पाच पट्ट्यांच्या हिशेबात आजोबा-आजी घरी राहतात, ते आणखी वेगळेच नुकसान.

काम मुद्दाम द्यावे लागेल. कागदी नकाशा मुलीच्या हाती द्यावा आणि पुढचे वळण तिने सांगावे. हवेचा दाब तपासताना मुलाला शेजारी उभे करावे. पुऱ्या करायच्याच असतील तर आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून कराव्यात, म्हणजे आईलाही सुटी मिळेल. एखादा तास सगळ्यांचेच मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात जावेत, वडिलांचा आधी. दोन मुलांच्या घरात पाचवा पट्टा मोकळाच असतो. या खेपेला तो आजीला द्यावा, पुढच्या खेपेला आजोबांना, आणि वाटेतल्या गावांविषयी त्यांना बोलते करावे.

पहिला अर्धा तास मुले कुरकुरतील. आम्हीही कुरकुरत होतो. मग एखाद्या नदीचे नाव कोणीतरी विचारेल.