जागा घेण्याआधी जमिनीखालचं पाणी कोण तपासणार?

मागच्या महिन्यात एका वस्तीत विहाराच्या जागेसाठी बैठक होती. जागा मोक्याची, भाव परवडणारा, बोअर आधीच मारलेली. शेजारी बंद पडलेला गॅल्व्हनायझिंगचा कारखाना. मंडळातल्या एका तरुणाने बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला. आकडा ३१० आला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अरे बाळा, त्या कुंपणापाशी रात्री ट्रॅक्टर यायचा. पिपं पुरायचे तिथं. आमची शेळी तिथलं पाणी पिऊन मेली." बैठकीत दोन-चारजण हसले. आम्हाला मात्र वाटलं, त्या दिवशी जागेची खरी चौकशी एकट्या आजींनीच केली.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पाण्यात सहा संयुजेचं क्रोमियम आहे का, कारखान्यात धातू पुसायला वापरलेला द्रावक आहे का, हे त्याला कळत नाही. असे पदार्थ लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशांतही घातक ठरतात; त्यांनी मीटरचा आकडा हलतही नाही. पाणी उकळूनही जड धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं.

हा विषय आत्ता लिहिण्याचं कारण म्हणजे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशात अशी १०३ स्थळं निश्चित केली होती, पण सफाई जेमतेम सात ठिकाणी सुरू झाली होती. आता स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचं आहे. दूषण ज्याने केलं त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण सगळी गाडी सुरू होते ती पहिल्या यादीपासून. ज्या नगरपालिकेला आपल्या वस्तीत गटार नाही हे वीस वर्षं दिसलं नाही, तिला जमिनीखालचं विष आपणहून दिसेल अशी आमची तरी अपेक्षा नाही. मात्र नागरिकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत घेता येते. तरुण कार्यकर्त्यांनी धरायचा धागा तोच.

यादी न झाल्याची, अर्धवट झाल्याची किंमत भोपाळने मोजली. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना ठाऊक आहे. पण युनियन कार्बाइडने कारखान्याच्या आवारातल्या खड्ड्यांत आणि उत्तरेकडच्या बाष्पीभवन तलावांत त्याआधीपासून टाकलेला कचरा झिरपत राहिला, त्याची चर्चा कमी होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आजूबाजूच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. तेव्हा यादीत १४ वस्त्या होत्या, पुढे २२ झाल्या, २०१८ मध्ये ४२. वस्त्या नव्या नव्हत्या, तपासणी उशिरा पोहोचली. २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन कचरा पीथमपूरला नेला आणि पुढे जाळला, त्याच्या बातम्या झाल्या. नागपूरच्या 'नीरी'ने आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० मध्येच तिथली दूषित माती सुमारे ११ लाख टन असल्याचं म्हटलं होतं. ती माती कंटेनरमधून गेलेली नाही. तिच्या कुशीत राहतात ती हातावर पोट असलेली माणसं, कारण स्वस्त जागा तिथेच मिळाली.

मग चौकशी म्हणजे नेमकं काय? पहिला टप्पा कागद आणि आठवणींचा. सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला दिलेलं संमतीपत्र. त्यात काय बनत होतं, सांडपाणी किती, घातक कचरा किती आणि तो कुठे जायला हवा होता हे लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात मागता येतं. त्याला जोडून जुने कामगार आणि आजींसारख्यांचं म्हणणं तारखेनिशी लिहून घ्यायचं. यंत्र कुठे खणायचं, हे यावरूनच ठरतं.

दुसरा टप्पा नमुन्यांचा. माती वरून एक ओंजळ उचलून भागत नाही, वेगवेगळ्या खोलीवरची लागते. पाणी संशयित जागेचं, उतारावरच्या विहिरींचं आणि तुलनेसाठी चढावरच्या स्वच्छ विहिरीचं. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. इथे पाणी खडकाच्या भेगांतून धावतं, त्यामुळे शेजारची विहीर शुद्ध आणि दूरची बोअर दूषित असं होऊ शकतं. एका बाटलीच्या अहवालावर "पाणी पिण्यायोग्य" लिहून देणाऱ्याला म्हणूनच विचारायचं, कोणते घटक तपासले? क्षार, जडपणा आणि जिवाणू एवढंच असेल, तर कारखान्याचा प्रश्न तपासलेलाच नाही.

नियमांत एक मेख आहे. घनकचऱ्याचे डेपो मुळात यातून वगळले आहेत. त्यात घातक रसायन मिसळून ठरावीक पातळी ओलांडली, तरच ते कक्षेत येतात. म्हणजे डेपोशेजारी राहणाऱ्यांनी आधी रसायन सिद्ध करायचं. आपल्या किती वस्त्या डेपोच्या भिंतीला लागून आहेत, हे वेगळं सांगायला नको.

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता, तरी चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेईपर्यंत ते ठराव दप्तरातच होते. शताब्दीच्या मिरवणुकीची तयारी आत्तापासून सुरू आहे. तिच्याबरोबर प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीशेजारच्या बंद कारखान्यांची यादी करायला आमची हरकत नाही, मिरवणुकीतली एक डीजे गाडी कमी झाली तरी चालेल.

त्या वस्तीतल्या मंडळाने सध्या इसार थांबवला आहे. आजींसह सातजणांचे जबाब लिहून झाले. संमतीपत्रासाठी माहिती अधिकाराचा अर्ज गेला. नगरपालिकेला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला तक्रार दिली, दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घेतली आहे. ९० दिवस राज्य मंडळाकडे माहिती पोहोचल्यापासून मोजायचे असतात, म्हणून ती पुढे कधी पाठवली हे विचारायला दोन मुलं दर सोमवारी नगरपालिकेत जातात. बोअरला तोवर कुलूप आहे.