धरणाचे कागद आणि टंकांची कुलपे

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुनर्वसनाचे आणि मोबदल्याचे तंटे तेव्हापासून मागे लागले, ते मिटता मिटत नाहीत. अशा तंट्यात प्रकल्पग्रस्ताच्या हाती कागदाखेरीज दुसरे हत्यार नसते. विदर्भाच्या पाटबंधाऱ्यांचा कारभार नागपुरातून चालतो. तेव्हा हे कागद कोणत्या रूपात ठेवले जातात, हा प्रश्न येथील कार्यकर्त्यांनी तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

सरकारी कचेरीतून मिळालेली जुनी फाईल संगणकावर उघडावी, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. टंक नाही तर मजकूर नाही! वास्तविक भारतीय मानक संस्थेचे इस्की मानक १९९१ सालचे. देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. पण ज्यांना टंक विकायचे होते, त्यांना मानकाची घाई कशी असणार? (आपल्या पक्षकचेऱ्यांतील जुनी पत्रकेही याच टंकांत अडकून पडली आहेत, हे कबूल केले पाहिजे.)

पीडीएफ मागा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. कागदाचे नुसते छायाचित्र काढून केलेल्या पीडीएफमध्ये गावाचे नाव शोधता येत नाही. दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ-ए हे आंतरराष्ट्रीय मानक २००५ पासून आहे. त्यात टंक फाईलच्या पोटातच असतो. परंतु आतील मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर तो दिसेल, शोधता मात्र येणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या आराखड्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याविरुद्ध भारताने २००७ आणि २००८ मध्ये मत दिले. स्वामित्वशुल्कमुक्त खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्ये स्वीकारले. धोरण कपाटात आहे. ते बाहेर काढावयास लावणे आपल्या हाती आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ७(९) सांगते की, माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. म्हणून अर्जातच स्पष्ट लिहावे: मजकूर युनिकोड मराठीत, मोजमापांचे व दरांचे तक्ते ओडीएफ किंवा सीएसव्हीमध्ये, म्हणजे बेरजा आपल्याला तपासता येतील. आणि सोबत छापील प्रतही मागावी. ग्रामसभेत ती हातोहात फिरते.