अफूच्या देशात वेदनेला औषध नाही!

हिवाळा ओसरू लागला की मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच आणि राजस्थानातील चितोडगड-प्रतापगड या पट्ट्यात अफूच्या बोंडांना चिरा दिल्या जातात. परवानाधारक शेतकरी पाझरलेला चीक खरवडून गोळा करतो आणि केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोपुढे त्याचे वजन करून देतो. तो चीक नीमच व गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत जातो. निर्यातीसाठी अफूचा चीक कायदेशीररीत्या पिकवणारा भारत हा जगातील एकमेव देश आहे. वेदनाशामक औषधांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालापैकी किमान ८० टक्के माल भारत आणि तुर्कस्तान यांच्याकडूनच घ्यावा, असा नियम अमेरिकेने १९८१ पासून पाळला आहे. म्हणजे अमेरिकेतील रुग्णाची वेदना माळव्यातील शेतकऱ्याच्या श्रमाने शमते. माळव्यातील, विदर्भातील किंवा मराठवाड्यातील कर्करोगी मात्र रात्रभर तळमळतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतातील या औषधाची गरज जेमतेम ४ टक्के भागते.

हे दैवाने घडलेले नाही. ते कायद्याने घडले आणि पुढे सवयीने टिकले.

ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगालच्या अफूवर मक्तेदारी बसवली, १८२० मध्ये गाझीपूरचा कारखाना उभारला आणि चीनला अफू पाजून स्वतःची तिजोरी भरली. दादाभाई नौरोजींनी या पापाच्या व्यापारावर कठोर शब्दांत कोरडे ओढले. स्वतंत्र भारताने अफूकडे संशयाने पाहावे, हे म्हणूनच स्वाभाविक होते. परंतु १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला, तेव्हा तस्कर आणि वैद्य यांच्यातील भेद त्याला करता आला नाही. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि जवळजवळ प्रत्येक राज्यात वेगळे नियम! मॉर्फिन ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णालयाला उत्पादनशुल्क, औषध आणि आरोग्य अशा खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी वैध राखावे लागत. एक हाती पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५ नंतर देशातील मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोवर आला. शंभर कोटींच्या उंबरठ्यावरील देशाला १८ किलो!

एका पिढीच्या डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी हातातही न घेता पदवी मिळवली, ही यातली सर्वांत खोल जखम. कायदा अधिवेशनात बदलता येतो. न शिकलेली विद्या तशी परत येत नाही.

कायदा बदलला तोही विलंबानेच. पॅलिएटिव्ह केअर क्षेत्रातील डॉक्टरांच्या संघटनेने २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. संसदेने दुरुस्ती मंजूर केली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये, सभागृहाच्या अखेरच्या दिवसांत. मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली, त्यांचे नियम केंद्राच्या हाती आले आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी झाली. आज अडवणूक कायद्याची नाही. ती जिल्ह्याच्या गावी मागणीपत्रच न पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची आणि 'नसती कटकट नको' म्हणणाऱ्या रुग्णालय व्यवस्थापनाची आहे. मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त असते. तिच्यात कोणाला फारसा नफा नाही. याच कुळातील फेंटानिलचे महागडे पट्टे मात्र मोठ्या शहरांतील रुग्णालयांत सहज मिळतात, हाही योगायोग मानायचा काय?

यावर ठरलेला आक्षेप येतो तो व्यसनाचा. अमेरिकेचे उदाहरण पुढे केले जाते आणि ते खोटेही नाही. तेथे १९९० च्या दशकापासून औषध कंपन्यांनी साध्यासुध्या दुखण्यांवरही अशा गोळ्यांचा मारा केला आणि लक्षावधी घरे उद्ध्वस्त झाली. प्रत्येक कंबरदुखीला मॉर्फिन द्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण बाजाराच्या हव्यासाची शिक्षा हाडांत कर्करोग पसरलेल्या रुग्णाने का भोगायची? केरळने वेगळा मार्ग दाखवला. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला कार्य आरंभले. गावोगावचे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जाऊ लागले, गोळी घरीच देण्यात येऊ लागली. त्यांनी दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना दिलेल्या औषधाचा हिशेब २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गैरवापराचे वा औषध बाहेर गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. केरळ सरकारने २००८ मध्ये त्यासाठी धोरणच स्वीकारले. राजकीय रंग कोणताही असो, समाजाने हाती घेतलेले हे काम आहे आणि सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येकाने ते जाऊन पाहावे.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो अधिक अवघड आहे. 'प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवायचे असतात', असे थोरली माणसे सांगतात आणि शरशय्येवरील भीष्मांचा दाखला देतात. महाभारत मात्र निराळेच सांगते. बाण काढण्यात निष्णात वैद्य भीष्मांपाशी आणले गेले होते. त्यांचा मान राखून त्यांना परत पाठवण्याचा निर्णय स्वतः भीष्मांचा होता. आणि शांतिपर्वात राजधर्म सांगण्याची वेळ आली, तेव्हा वेदनेने वाणी चालत नाही असे पितामहांनीच बोलून दाखवले. श्रीकृष्णाने 'सोसा' असा उपदेश केला नाही. त्याने आधी त्यांची वेदना, ग्लानी आणि तहानभूक हरण केली. उपदेश त्यानंतर झाला. ज्याच्या दारी वैद्यच आला नाही, त्या गरिबाच्या तळमळीला तितिक्षा म्हणणे ही धर्माची विटंबना होय.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या वनवासी पाड्यांत सिकलसेलचा झटका येतो, तेव्हा लहान लेकरू हाडे फुटल्यासारख्या वेदनेने किंचाळते. या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती स्वागतार्हच आहे. रक्ततपासणीची पत्रके वाटून होतील. त्या रात्री ते पोर ज्या ग्रामीण रुग्णालयात आणले जाईल, तेथील डॉक्टरला तीव्र वेदनाशामक देता येते का, आणि देता येत असेल तर कपाटात ते आहे का, याची विचारणा कोण करणार? महाराष्ट्रात जिल्हा शल्यचिकित्सकाला हा प्रश्न लेखी विचारण्यास कोणालाही मज्जाव नाही. रुग्णालय मान्यताप्राप्त आहे काय, गेल्या वर्षी मॉर्फिनच्या किती गोळ्या मागवल्या आणि किती रुग्णांना दिल्या, एवढे तीन आकडे पुरेत. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.