दूरचा महासंगणक आणि त्याची किल्ली



महासंगणक हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत होते की, हे थोरामोठ्यांच्या संस्थांचे यंत्र. आपल्या मुलामुलींचा त्याच्याशी संबंध काय? ही समजूत निराधार आहे, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान सर्वस्वी आपले आहे. ती का टाकून द्यावी, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. महासंगणकासमोर खुर्ची टाकून कोणीही बसत नाही. तो थंड केलेल्या, कुलूपबंद दालनात कपाटांच्या रांगांनी उभा असतो. त्याच आवारातील प्राध्यापकदेखील आपल्या मेजावरील संगणकावरून, तारेच्या वाटेनेच, त्याच्यापर्यंत जातो. म्हणजे शंभर पावलांवरचा प्राध्यापक आणि तीनशे मैलांवरचा विद्यार्थी, दोघांचीही वाट एकच. मग दूरचा आणि जवळचा हा भेद राहिला कोठे?

ही वाट कशी चालते तेही पाहा. जुनी रीत काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करण्याची. त्यासाठी 'एसएसएच' नावाची सुरक्षित वाट वापरतात. ती १९९५ साली फिनलंडमध्ये, विद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर, तातू युलोनेन यांनी तयार केली. दुसरी रीत 'रिमोट डेस्कटॉप'ची. तीत महासंगणकाच्या बाजूला एक संपूर्ण पडदा, खिडक्या आणि चित्रांसह, उभा राहतो आणि त्याचे केवळ चित्र आपल्या घरच्या पडद्यावर येते. आपण माउस हलविला की ती हालचाल तिकडे जाते. तिकडे जेवढा भाग बदलला तेवढाच इकडे येतो. या प्रकारचे 'व्हीएनसी' हे साधन इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत जन्मले, आणि पुढे ते सर्वांना विनामूल्य मिळाले. अमेरिकेतील ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने 'ओपन ऑनडिमांड' हे साधन केले आहे. त्यात तर साध्या ब्राउझरमधूनच हा पडदा उघडता येतो.

यात लाभ कोणता, असे कोणी विचारील. हिशेबच करा. एखाद्या गणिताचे उत्तर ५०० गिगाबाइटचे झाले आणि घरची लाइन सेकंदाला २० मेगाबिटची असली, तर ते उतरवून घेण्यास दोन दिवसांहून अधिक वेळ लागेल. आणि उतरल्यावर ते ठेवण्यास आपल्या लॅपटॉपवर जागा असेलच असे नाही. उलट पडद्याचे चित्र तेवढ्याच लाइनवर सहज येते. शिवाय घरची वीज गेली, लाइन तुटली, तरी तिकडचे काम थांबत नाही. नेमून दिलेली मुदत संपली नसेल तर पुन्हा जोडणी करताच आपण सोडलेला पडदा जसाच्या तसा पुढे येतो. भारी यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घराला ही सोय लहान नव्हे.

आता आपल्या देशाचा इतिहास आठवा. १९८०च्या दशकात अमेरिकेने प्रबळ महासंगणक भारताला देण्याचे नाकारले. त्या नकारानंतर १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला मंजुरी मिळाली. देशभरच्या संस्थांत महासंगणक बसवून ते राष्ट्रीय ज्ञानजाळ्याने जोडावे, हा तिचा हेतू. २०२४ साली 'परम रुद्र' मालिकेतील यंत्रे पुणे, दिल्ली आणि कलकत्ता येथे देशाला अर्पण झाली. त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. त्याची शक्ती ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी.

जो देश दार बंद झाल्याचे दुःख स्वतः भोगून चुकला, त्याने स्वतःच्या होतकरू तरुणांसाठी दार अर्धवट उघडे ठेवणे शोभेल काय? यंत्र जनतेच्या पैशाने उभे राहते. त्याची किल्ली मात्र खात्याच्या रूपाने मिळते, आणि ते खाते बहुधा एखाद्या मार्गदर्शकाच्या शिफारशीने व संशोधनाच्या प्रस्तावावर दिले जाते. हा नियम निष्कारण नाही; यंत्राचा काळ मोलाचा आहे. परंतु ज्या महाविद्यालयात प्रस्ताव कसा लिहावा हे सांगणाराच कोणी नाही, तेथील विद्यार्थी पात्र असूनही बाहेर राहतो. अंतर संपले, ओळखीचा आणि माहितीचा अडसर उरला. आमचा आक्षेप या अडसरावर आहे.

काही जाणकार म्हणतात, चित्रमय पडदा हे चोचले आहेत; खऱ्या अभ्यासकाने आज्ञाच शिकाव्या. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. मोठी कामे आज्ञांच्या यादीनेच रांगेत लावावी लागतात, आणि त्या शिकल्यावाचून गत्यंतर नाही. पण पहिल्या पायरीवरच उंच भिंत घालून, जे चढले तेच लायक, असे म्हणणे न्यायाचे नव्हे. पडद्याने आत यावे, आज्ञा शिकून पुढे जावे, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

हक्क मागणाऱ्याने जबाबदारीही ओळखली पाहिजे. मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणक एकाएकी बंद करावे लागले. एडिंबरोचा 'आर्चर' त्यांतलाच. चोरांनी यंत्रे फोडली नव्हती. वापरणाऱ्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी ते आत शिरले होते. एकाची किल्ली गेली की सर्वांचे काम थांबते. म्हणून आपल्या मुलांना बजावून सांगा : परवलीचा शब्द मित्रालाही देऊ नये, व्हीएनसीचा पडदा उघड्या वाटेने न आणता एसएसएचच्या भुयारातूनच आणावा, प्रवेशाच्या यंत्रावर, ज्याला 'लॉगिन नोड' म्हणतात, जड काम चालवू नये, कारण ते सर्वांचे दार आहे, आणि काम संपताच पडदा रीतसर बंद करावा. नुसती खिडकी मिटल्याने तो बंद होत नाही. राखून ठेवलेले यंत्र रिकामे अडून राहते, आणि रांगेतला दुसरा विद्यार्थी तिष्ठत बसतो.

तेव्हा आपण काय करावे? ज्यांची मुले विज्ञान वा अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांनी महाविद्यालयात जाऊन स्पष्ट विचारावे : आमच्या मुलांना महासंगणकाचे खाते कोणामार्फत मिळेल? प्रस्ताव लिहिण्यास कोण साहाय्य करील? उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारावे. संस्थांनीही शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी थोडा काळ राखून ठेवावा, आणि प्रवेशाची माहिती मराठीत छापावी.

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी आपण होऊन घरी आणून देत नाही. यंत्र तयार आहे, वाट तयार आहे. किल्ली मागावयास आपल्यालाच जावे लागेल. आणि ती हाती आली की जपावयाचीही आपल्यालाच आहे.