तिकिटावर न छापलेली तारीख

मार्च २०१८ मध्ये 'नॉर्वेजियन सन' हे प्रवासी जहाज मायामीहून निघाले आणि पनामा कालवा ओलांडून दोन आठवड्यांहून अधिक दिवसांनी लॉस एंजेलिसला पोहोचले. प्रवाशांनी पैसे मोजले होते ते कालवा पाहण्यासाठी आणि डेकवर निवांत पहुडण्यासाठी. प्रत्यक्षात वाट्याला आले ते बांधकाम. डेकचे काही भाग बंद, रंग-रसायनांचा उग्र वास, धातू घासल्याची धूळ आणि दिवसभर चालणारा आवाज अशा तक्रारी प्रवाशांनी जहाजावरूनच सुरू केल्या आणि बंदर येईपर्यंत त्या वृत्तवाहिन्यांवर झळकल्या. कंपनीने प्रथम जी भरपाई देऊ केली ती रोख नव्हती. पुढच्या सफरीच्या भाड्यात, या भाड्याच्या एक चतुर्थांश रकमेइतकी सवलत, असा तो देकार होता. म्हणजे ज्या कंपनीने पाहुण्याला रंगकाम चालू असलेल्या घरात उतरवून घेतले, तिच्याच घरी पुन्हा उतरण्याचे निमंत्रण!

हा प्रकार अपवादात्मक म्हणून सोडून देता आला असता. परंतु मोठ्या नूतनीकरणाला जाण्याच्या बेतात असलेल्या जहाजावरील प्रवास ही क्रूझ व्यवसायातील नित्याची बाब आहे. प्रत्येक प्रवासी जहाजाच्या आयुष्यात अशा सफरी येतात आणि त्यांची तिकिटे इतर तिकिटांसारखीच विकली जातात. प्रश्न आहे तो ग्राहकाला हे केव्हा व किती सांगितले जाते याचा.

जहाज सुक्या गोदीत जाणे ही अचानक उद्भवणारी घटना नाही. सागरी सुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी व्हावी लागते आणि पाच वर्षांच्या काळात साधारणपणे दोनदा ती जहाज पाण्याबाहेर काढून करावी लागते. लाखभर टनांचे जहाज सामावून घेतील अशा गोद्या जगात मोजक्याच आहेत. बहामातील फ्रीपोर्ट, स्पेनमधील कादिझ, फ्रान्समधील मार्सेय, जर्मनीतील हॅम्बुर्ग, पूर्वेकडे सिंगापूर अशी ही नावे. तेथील जागा फार आधी राखून ठेवावी लागते. याचा अर्थ असा, की प्रवासी तिकीट काढतो त्या दिवशी त्याचे जहाज गोदीत केव्हा जाणार हे कंपनीला सहसा ठाऊक असते. सांगितले जात नाही ते केवळ प्रवाशाला.

गोदीतील प्रत्येक दिवस दुहेरी महाग पडतो. गोदीचे भाडे आणि मजुरी एकीकडे, बुडालेले उत्पन्न दुसरीकडे. 'क्वीन मेरी २' हे जहाज २०१६ साली हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीत अवघे २५ दिवस होते. तेवढ्यात सुमारे नऊ कोटी पौंडांचे काम उरकण्यात आले. एकट्या प्रवाशांसाठी १५ नव्या खोल्या झाल्या आणि प्रवाशांच्या कुत्र्यांसाठीची घरेही वाढली. इतके काम इतक्या थोड्या दिवसांत बसवायचे तर जे काम पाण्यावर असताना होऊ शकते ते आधीच सुरू करणे व्यवस्थापनाला शहाणपणाचे वाटते. म्हणून गोदीपूर्वीच्या आठवड्यांत कंत्राटदारांची पथके जहाजावर चढतात. नळ आणि तारा यांची पाहणी होते, छताच्या फळ्या उघडल्या जातात, साहित्य कोठारात भरले जाते, एखादे उपाहारगृह किंवा तरणतलाव 'तात्पुरता' बंद होतो. काढूनच टाकायच्या गालिच्यावर आणि खुर्च्यांवर कोणी नवा पैसा घालत नाही. तळावर शेवाळ व शिंपले साचलेले असल्याने इंजिनाला त्याच वेगासाठी अधिक इंधन जाळावे लागते.

त्यातही ज्या सफरी एका खंडाकडून दुसऱ्या खंडाकडे जाताना होतात त्या विशेष पाहण्यासारख्या. जहाजाला एका किनाऱ्यावरचा हंगाम संपवून दुसरीकडे किंवा गोदीकडे जायचेच असते. रिकामे नेण्याऐवजी ते कमी भाड्यात प्रवासी घेऊन जाते. अशा सफरीत बंदरे थोडी आणि समुद्रावरचे दिवस पुष्कळ. प्रवाशाला स्वस्त आणि दीर्घ विश्रांती म्हणून जे दिवस विकले जातात, तेच कंत्राटदाराला सलग कामासाठी सोयीचे असतात. पनामा कालव्यातून गेलेली ती सफर याच जातीची होती.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जाणूनबुजून अशी सफर निवडणारेही आहेत, आणि ते वेडे नाहीत. ऑक्टोबर १९८६ मध्ये 'क्वीन एलिझाबेथ २' हे जहाज वाफेच्या टर्बाइनवर शेवटचा अटलांटिक प्रवास करून परतले. त्यानंतर ते ब्रेमरहाफेनच्या लॉइड वेर्फ्ट गोदीत गेले, तेथे त्याची वाफेची यंत्रे काढून नऊ डिझेल इंजिने बसविण्यात आली, आणि १९८७ च्या वसंतात ते पुन्हा समुद्रावर आले. सुमारे दहा कोटी पौंड खर्चाचे हे काम यशस्वी ठरले आणि जहाज आणखी दोन दशके चालले. पण त्या ऑक्टोबरात ज्यांनी तिकीट काढले त्यांना जे मिळाले ते नंतर कोणालाच मिळू शकले नाही. जुन्या जहाजाचा ओळखीचा जिना, दहा वर्षे त्याच टेबलावर वाढणारा सेवक, फाटकी पण आपलीशी झालेली खुर्ची यांचे मोल नव्या संगमरवरापेक्षा अधिक मानणारा प्रवासी असतोच. त्याची तक्रार नसते, कारण त्याला माहीत असते. जहाज तेच, गोदी तीच. माहिती हाती असली की तीच सफर निरोपाची होते आणि नसली की फसवणुकीची. सारा फरक एवढाच आहे.

आणि गोदीनंतरची सफर नेहमी चांगलीच असते असेही समजू नये. याच 'क्वीन एलिझाबेथ २'ने डिसेंबर १९९४ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. हॅम्बुर्गमधील नूतनीकरण वेळेत पुरे झाले नाही, तरी कुनार्ड कंपनीने नाताळची सफर रद्द केली नाही. साउदॅम्प्टनहून जहाज निघाले ते शेकडो कामगारांना बरोबर घेऊन. न्हाणीघरे अपुरी, तारा उघड्या, नळांची अवस्था बिकट. आणि शेकडो प्रवाशांना तर खोल्या तयार नसल्याने किनाऱ्यावरच थांबवावे लागले. न्यायालयीन दावे आणि भरपाई यांत कंपनीची जी नाचक्की झाली ती ब्रिटिश वृत्तपत्रांनी कित्येक महिने चवीने छापली. २०१३ मध्ये 'कार्निव्हल डेस्टिनी' या जहाजाचे साडेपंधरा कोटी डॉलर खर्चून 'कार्निव्हल सनशाइन' करण्यात आले तेव्हा काम लांबले आणि जाहीर झालेल्या काही सफरी रद्द कराव्या लागल्या. १ एप्रिल २०१९ रोजी तर फ्रीपोर्टच्या गोदीत 'ओअॅसिस ऑफ द सीज' या महाकाय जहाजावर क्रेनच कोसळली. तीन सफरी रद्द झाल्या आणि दुरुस्तीसाठी जहाज कादिझला न्यावे लागले. मात्र रद्द झालेल्या सफरीचे पैसे परत मिळतात. अर्धवट उपभोगलेल्या सफरीचे काय मिळावे याचे गणित कोणी ठरवून दिलेले नाही, आणि गोदीपूर्वीच्या प्रवाशाची खरी अडचण तीच आहे.

इंग्लंडमधील न्यायालयांनी या गणिताचा प्रयत्न केला आहे. सहलीचा विरस झाला म्हणून मानसिक त्रासाबद्दल भरपाई देता येते हे लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने १९७३ सालीच मान्य केले. पुढे २००८ मध्ये 'क्वीन व्हिक्टोरिया'च्या पहिल्या जगप्रदक्षिणेवर निघालेल्या एका दाम्पत्याला खोलीतील धातूच्या पत्र्यांचा खडखडाट असह्य झाला आणि ते मध्येच उतरले. कनिष्ठ न्यायालयाने सुमारे २२ हजार पौंड भरपाई दिली. २०१० मध्ये अपील न्यायालयाने ती १२ हजारांवर आणली. आकडा घटला, पण उपभोगात आलेली उणीव आणि मनस्ताप या दोन्ही गोष्टी पैशात मोजायच्या हे तत्त्व कायम राहिले. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका दाम्पत्याच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्णय दिला, की तिकिटाच्या बारीक अक्षरांत फ्लोरिडाचे न्यायालय लिहिले असेल तर दावा तेथेच लावावा लागेल. मायामीस्थित कंपन्यांच्या तिकिटांवर ही अट आजही आढळते. ठाण्याच्या किंवा नाशिकच्या प्रवाशाने फ्लोरिडात जाऊन बंद तरणतलावाबद्दल दाद मागावी ही अपेक्षा किती व्यवहार्य आहे हे वेगळे सांगायला नको.

या प्रवाशाला आता आपल्याकडेही स्थान आहे. २००५ साली 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईहून सफरी करू लागली तेव्हा क्रूझ ही नवलाई होती. एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश'ची 'कर्णिका' आली, सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरींवर निघाली. यातील 'कर्णिका' व 'एम्प्रेस' या दोन्ही जहाजांचा जन्म १९९० चा. परदेशी मालकांनी अनेक वर्षे वापरलेली जहाजे आपल्या किनाऱ्याला येतात, हे या व्यवसायाचे अर्थकारण पाहता स्वाभाविकच आहे. जुने जहाज म्हणजे वाईट जहाज असेही नाही. परंतु जहाज जितके जुने तितका नूतनीकरणाचा प्रश्न अवघड होत जातो. पुढे दहा वर्षे चालेल अशा जहाजावर मालक पैसा घालतो. दोन वर्षांनी विकायचे असेल तर कायद्याला लागते तेवढेच करतो. 'कर्णिका'चे उदाहरण ताजे आहे. इटलीतील मोन्फाल्कोनेच्या कारखान्यात घडलेले, अनेक नावे बदललेले हे जहाज मुंबईत आले आणि कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनी कोसळल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले.

प्रवाशाइतकाच हा प्रश्न जहाजावर राबणाऱ्यांचाही आहे, आणि त्यात गोवा व कोकणची माणसे पुष्कळ. गोव्यातील गावागावांत 'शिपीवर' गेलेला कोणी ना कोणी असतोच. जहाज गोदीत गेले की त्यांच्यापैकी काहींना करार अर्धवट ठेवून घरी धाडले जाते. जे राहतात ते गालिचे उपटतात, गाद्या हलवतात, वेल्डिंगच्या ठिणग्यांवर आगपहारा देतात. गोदीपूर्वीच्या सफरीत बंद बार आणि बंद लिफ्ट यांचा राग ज्याच्यावर निघतो तो हाच सेवक. निर्णय मायामीत किंवा लंडनमध्ये झालेला असतो, क्षमा मडगावचा मुलगा मागतो. आणि ज्या देशांत बक्षिसीची चाल आहे तेथील नाराज प्रवाशांनी हात आखडता घेतला तर तो तोटाही त्याच्याच खिशाला.

आपला कायदा या बाबतीत दुबळा नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील 'न्यूनता' याची जी व्याख्या आहे तीत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे याचा स्पष्ट समावेश आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपविणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, असेही हाच कायदा सांगतो. शिवाय ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार नेण्याची सोय आहे. परदेशी कंपनीविरुद्धच्या आदेशाची अंमलबजावणी अवघड असली, तरी मुंबई-पुण्यात बसून तिकीट विकणारा प्रतिनिधी हाताशी असतो. त्याला तारीख माहीत होती काय, आणि नव्हती तर त्याने विचारली का नाही, हे दोन प्रश्न आयोगापुढे विचारण्याजोगे आहेत.

ब्रिटनमधील प्रवास व्यावसायिकांच्या 'आब्टा' या संघटनेच्या आचारसंहितेत असे कलमच आहे, की ज्या बांधकामामुळे ग्राहकाच्या सहलीचा आनंद गंभीरपणे बिघडू शकतो त्याची कल्पना ग्राहकाला दिली पाहिजे. हॉटेलसाठी हे जितके लागू, तितकेच तरंगत्या हॉटेललाही. आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. आरक्षणाच्या अर्जावर जहाजाचे नाव व निघण्याची वेळ छापतात तेथे आणखी दोन ओळी पुरेत: जहाज गोदीत शेवटचे केव्हा गेले आणि पुढे केव्हा जाणार. त्यासोबत सफरीच्या दिवसांत कोणती दालने बंद राहणार याची यादी. ही माहिती दिल्यावर भाडे कमी करावे लागेल अशी भीती कंपन्यांना वाटत असेल, तर ती भीतीच आजचे भाडे कशाच्या आधारावर आकारले जाते याची कबुली आहे. तोवर तिकीट काढण्यापूर्वी प्रवाशाने हा प्रश्न प्रतिनिधीला लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी मिळालेले 'काही काळजी करू नका' हे आयोगापुढे ठेवता येत नाही.