परतीची शिदोरी

आपल्याकडे पाहुण्याच्या येण्यापेक्षा त्याच्या निघण्याला अधिक जपतात. तो येतो तेव्हा पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला की भागते. पण निघताना त्याच्या पिशवीत चार भाकऱ्या, चटणी, लाडू बांधून दिल्यावाचून घरच्या बाईला चैन पडत नाही. लेक सासरी निघाली तर ओटी भरल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत. ही रीत आपण माणसांसाठी पाळतो. मात्र हिवाळ्यात हजारो मैलांवरून आपल्या तलावांवर येणाऱ्या पाखरांच्या बाबतीत नेमके उलटे करतो. ती आली की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. व्याख्याने होतात, शाळांच्या सहली निघतात. पुढे माघ सरतो, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, मुले परीक्षेच्या अभ्यासाला बसतात आणि पाखरांची निघायची वेळ येते. तेव्हा मात्र तलावावर कोणी फिरकत नाही.

माझे म्हणणे असे, की तलाव आणि त्याच्या कडेची दलदल पाहायचीच असेल तर ती सरत्या हिवाळ्यात पाहावी. एक तर पाखरे तेव्हा ओळखायला सोपी जातात. आणि दुसरे म्हणजे तलाव कशासाठी जपायचा, हे तेव्हाच खरे कळते.

उदाहरण म्हणून नांदूर-मध्यमेश्वर घेऊ. नाशिक जिल्ह्याचा निफाड तालुका एरवी वर्तमानपत्रात येतो तो थंडीच्या पाऱ्यामुळे किंवा लासलगावच्या कांद्याच्या भावामुळे. याच तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने दगडी बंधारा घातला. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे तिथून निघतात आणि खाली कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. हेतू एवढाच होता. पाखरांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पण नदी आपल्याबरोबर नुसते पाणी आणत नाही, माती आणते. बंधाऱ्यामागे ती माती वर्षानुवर्षे साचत गेली. उथळ पाण्यात गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, कडेला दलदल पसरली. इंजिनिअरच्या वहीत जो तोटा म्हणून लिहिला जातो, तो पाखरांच्या वहीत जमेच्या बाजूला गेला. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी रामसर यादी आहे, तिच्यात महाराष्ट्रातून पहिले नाव लागले ते याच जागेचे. २०२० च्या जानेवारीत ती बातमी आली.

या जागेला लोक महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. गंमत अशी, की राजस्थानातले ते भरतपूरही निसर्गाने आयते दिलेले नाही. अठराव्या शतकात तिथल्या राजाने बांध घालून पाणी अडवले, म्हणून ते पाणवठे टिकले. तेव्हा ‘माणसाने बांधलेले ते कृत्रिम, निसर्गाने दिलेले तेच खरे’ हा भेद पाखरांना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती पाण्याची खोली.

खोलीचा हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. छोटा टिलवा किंवा चिलखा यांचे पाय बोटभर. त्यांना ओला चिखल किंवा फार तर इंचभर पाणी लागते. शेकाट्या लांब तांबड्या पायांवर उभा असतो, तो वीतभर पाण्यात चालतो. पाणटिवळ्याची चोच लांब आणि सरळ. तो ती चिखलात मुळापर्यंत खुपसून आतले किडे काढतो. थापट्या बदकाची चोच पळीसारखी. ते पाण्याचा पृष्ठभाग गाळून घेते. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून तळाशी पोचते आणि जिथे त्याची मान पुरत नाही तिथे लालसरी बुडी मारते. एकाच तलावाच्या काठावर अशी पंगत बसलेली असते आणि प्रत्येकाचे पान वेगळ्या खोलीवर वाढलेले असते. एकाने दुसऱ्याच्या पानात हात घालायचा नाही, हा नियम कोणी न सांगता पाळला जातो.

आता पावसाळा संपल्यावर जलाशय भरलेला असतो, तेव्हा ही पंगत पूर्ण बसत नाही. चिखल पाण्याखाली असतो. पुढे हिवाळा सरत जातो, पाणी हळूहळू ओसरते आणि रोज थोडा नवा काठ उघडा पडतो. त्या ताज्या ओल्या चिखलात अळ्या, गांडुळे, गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात. जणू रोज नवे ताट वाढले जाते. भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटात रोहित पक्ष्यांचे थवे पाणी उतरू लागल्यावरच जमतात, ते याच कारणाने.

हे ताट वाढले जाण्याची वेळ मोलाची आहे, कारण पाखरांना आता दूर जायचे असते. छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तो घरटे करतो सायबेरियाच्या अगदी उत्तरेला, जिथे झाड म्हणून उगवत नाही अशा उघड्या माळावर. नाशिकपासून ते अंतर पाच-सहा हजार किलोमीटर आहे. चक्रवाकाला लडाख-तिबेटकडे जायचे असते, पट्टकादंबाला हिमालय ओलांडायचा असतो. या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगातली चरबी. काही जातींची पाखरे निघण्यापूर्वी आपल्या वजनाच्या निम्म्याएवढी चरबी साठवतात. फेब्रुवारी-मार्चमधले ते काही आठवडे त्यांना पोटभर मिळाले, तर ती वेळेवर पोचतात आणि घरटी करतात. नाही मिळाले, तर वाटेतच खपतात, किंवा उशिरा पोचून त्या वर्षी पिलांना मुकतात. म्हणजे सायबेरियातले एखादे घरटे वसणार की नाही, हे निफाड तालुक्यातल्या चिखलावर थोडेफार अवलंबून आहे. मला ही गोष्ट कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

शिवाय पाहणाऱ्याचीही सोय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेली बरीच पाखरे मळकट, एकसारखी दिसतात. नवखा माणूस पुस्तकाची पाने उलटून थकतो. फेब्रुवारीत तीच पाखरे लग्नसराईचे कपडे चढवू लागतात. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई आता ठसठशीत होते. चक्रवाकाच्या नराच्या गळ्याभोवती काळी रेघ उमटते. राखी पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी रंग चढतो आणि पिवळा धोबी आपले नाव सार्थ करतो. वारकरी मात्र आला तसाच असतो, काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा. मुलांना घेऊन गेलात तर पहिली ओळख त्याची करून द्या. ते नाव एकदा ऐकले की मूल विसरत नाही.

चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोऱ्यावर चढून मी हे सारे अनेकदा पाहिले आहे. त्या दिवसांत भोवती द्राक्षांची काढणी चालू असते, उसाच्या गाड्या जात असतात, कांदा पातीला आलेला असतो. दलदलीवरून हारिण पक्षी संथ घिरट्या घालत येतो आणि त्याची सावली पडताच हजार बदके एकदम उठतात. पाहणाऱ्याला ते दृश्य फार देखणे वाटते. पण अशा प्रत्येक उठण्यात जमवलेली चरबी खर्च होते. हारिणाचे एक वेळ ठीक, तो त्याचा धर्म आहे. छायाचित्रासाठी मुद्दाम टाळ्या वाजवून थवा उडवणारे, होडी अंगावर घालायला लावणारे पाहुणेही मी पाहिले आहेत. जेवणाऱ्याला पानावरून उठवू नये, एवढे तरी आपल्याला घरी शिकवलेले असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे सारे शहरातल्या हौशी माणसाचे बोलणे ठरेल. बंधारा शेतीसाठी बांधला आहे आणि कालव्याचे आवर्तन वेळेवर सुटले नाही तर शेतकऱ्याचे पीक जळते. पाणी ओसरलेल्या जमिनीवर पीक घेण्याची, म्हणजे गाळपेर करण्याची पद्धत राज्यातल्या जलाशयांच्या काठी जुनी आहे. ज्याची मूळ जमीन पाण्याखाली गेली, त्याला तर तिचा आधार असतो. गव्हा-हरभऱ्यात पाखरे उतरली तर नुकसान त्याचेच होते. पुराचे दुखणेही खरे आहे. गोदावरीला मोठा पूर आला की सायखेडा, चांदोरी या गावांत पाणी शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते शिरले होते. ज्याच्या घरात गुडघाभर पाणी येते तो ‘बंधाऱ्यातला गाळ काढा’ म्हणाला, तर त्याला पक्षीप्रेमाचे धडे देणे हा उद्धटपणा होईल.

पण यातून मार्ग निघणारच नाही असे नाही. गाळ काढायचा तर नदीच्या मुख्य प्रवाहातला काढावा, कडेची बेटे आणि उथळ काठ राखावा. पुराला वाट मिळेल आणि पंगतही उठणार नाही. आवर्तन द्यावेच, पण मागच्या धरणांतून येणारे पाणी आणि कालव्यांत जाणारे पाणी यांचा मेळ असा घालावा, की फेब्रुवारी-मार्चमध्ये दलदलीतली पातळी एका रात्रीत हातभर चढणार-उतरणार नाही. गाळपेर पाण्याच्या रेषेला भिडू न देता मध्ये एक पट्टा मोकळा सोडावा आणि ज्याच्या वाट्याची जमीन त्यात जाईल त्याला मोबदला मिळावा. गावातल्या तरुणांना वाटाड्या म्हणून चार पैसे मिळाले, तर दलदल ही गावाचीही मिळकत होते. यातले काहीच अशक्य नाही. पाटबंधारे, वन आणि महसूल या खात्यांनी एका टेबलाभोवती बसायचे, एवढेच अवघड आहे.

नांदूर-मध्यमेश्वरला निदान अभयारण्याचे आणि रामसर यादीचे छत्र तरी आहे. खरी काळजी बाकीच्यांची वाटते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केले. त्यांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय पाणथळ या व्याख्येतूनच वगळले आहेत. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे मोजकीच. लोणारसारखे एखादे, तेही आकाशातून दगड पडला म्हणून झालेले. आपले बाकी सारे पाणी बांधलेलेच आहे. भंडारा-गोंदियाकडचे कोहळी समाजाने खणलेले जुने मालगुजारी तलाव घ्या, दुष्काळी भागातले पाझर तलाव घ्या, की गावोगावची लहान धरणे घ्या. जे माणसाने बांधले ते पाणथळ नव्हे असे म्हटले, तर महाराष्ट्रातल्या पाखरांनी उतरायचे कुठे?

शहरांत तर सुशोभीकरण नावाचा वेगळाच प्रकार आहे. तलावाला कडेने सिमेंटची भिंत घालायची, आतला गाळ खरवडून तो तळ्यासारखा खोल करायचा, काठावर फरशी, दिवे आणि मधे कारंजे. छायाचित्रात ते छान दिसते. पण त्या भिंतीबरोबर बोटभर पाण्याची, वीतभर पाण्याची, चिखलाची सगळी पाने उचलली जातात. उरते ती फक्त बुडी मारणाऱ्याची खोली. टिटवी, तुतारी, चिलखा, शेकाट्या यांना त्या हौदाचा काही उपयोग नाही. आपल्याला पाणी दिसले की तलाव दिसतो आणि चिखल दिसला की घाण दिसते. हा दृष्टिदोष काढल्याशिवाय कोणतेही नियम पुरे पडणार नाहीत.

म्हणून वाचकांना सुचवावेसे वाटते, की येत्या सरत्या थंडीत एक रविवार काढा. नांदूर-मध्यमेश्वर किंवा भिगवण दूर पडत असेल तर आपल्या गावाजवळचा कुठलाही साधा तलाव चालेल. सकाळी लवकर जा, भडक कपडे नकोत. घरात एखादी जुनी दुर्बीण असेल तर ती घ्या. नसली तरी अडणार नाही. मुलांना पाण्याच्या मध्यभागाकडे नव्हे, काठाकडे पाहायला सांगा. कोण कुठल्या खोलीवर उभे आहे, एवढे तासभर टिपले तरी पुस्तकातल्या दहा धड्यांएवढे शिक्षण होईल. आणि आपल्या तलावाला भिंत घालण्याचा ठराव नगरपालिकेत आला, तर तो तास आठवून एक पत्र जरूर लिहा. होळीच्या आसपास एका सकाळी त्या चिखलावर सामसूम असेल. गेलेली पाखरे भरल्या पोटी गेली, की उपाशी, हे मात्र आधीच्या महिन्यात आपण तो काठ कसा ठेवला यावर ठरलेले असेल.