नदीचे सस्पेन्स खाते

बँकेच्या हिशेबात सस्पेन्स खाते नावाची एक सोय असते. ज्या रकमेचा निवाडा लागलेला नाही, ती तात्पुरती तेथे टाकली जाते. वही जुळते; व्यवहार मात्र मिटलेला नसतो. म्हणूनच मुरलेला तपासनीस प्रथम हेच खाते उघडतो. सुज्ञ वाचकहो, प्लास्टिकचे सूक्ष्म कण नदीच्या पाण्यात नेमके असेच खाते उघडतात.

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांच्या 2004 सालच्या लेखाने हा शब्द रूढ केला. आपल्या जिल्ह्यात या कणांचा उगम शोधण्यास दूर जावे लागत नाही. निफाड-दिंडोरीच्या शिवारात टोमॅटो, मिरचीच्या गादीवाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर उन्हाने ठिसूळ होतो, काढताना फाटतो, त्याच्या चिंध्या मातीत राहतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागतात. त्याच वाफ्यावर फवारलेले औषधही त्याच पाण्याने वाहते. प्लास्टिक आणि कीटकनाशक यांची गाठ अशी शेतातच पडते.

एरवी रसायनांची विल्हेवाट लावण्याची निसर्गाची स्वतःची रीत आहे. काही रसायने सूर्यप्रकाशाने तुटतात, काही पाण्याशीच संयोग पावून विघटित होतात, उरलेली जिवाणू खाऊन टाकतात. द्राक्ष बागायतदारांचा सारा भरवसा याच क्रियेवर असतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस सोडायचे ते यासाठीच. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा ‘रेसिड्यू’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

पण विघटन होण्यासाठी रसायन पाण्यात मोकळे असावे लागते. क्लोरपायरिफॉस हे परिचित औषध एक लिटर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम विरघळते. त्याला पाण्यापेक्षा तेलकट पदार्थ प्रिय, आणि मल्चिंगचे पॉलिथिलीन मूळचे खनिज तेलाच्याच घराण्यातले. साहजिकच ते कणाला चिकटते, आत मुरते. तेथे जिवाणू सहजी पोहोचत नाहीत, प्रकाशही कमी पडतो. परिणामी विघटन रेंगाळते. याउलट लिटरला सुमारे सहाशे मिलिग्रॅम विरघळणारे इमिडाक्लोप्रिड प्लास्टिकच्या फारसे नादी लागत नाही. स्वच्छ पाण्यात, कडक उन्हात ते काही तासांतच निम्मे होते. जपानी शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवून दिले होते, की समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यांवर काही विषारी रसायने भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत दहा लाख पटींपर्यंत साठतात.

चित्र सर्वस्वी एकतर्फी नाही, हेही नोंदवले पाहिजे. कणांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वसतो. त्यात रसायन पचवणाऱ्या जाती असल्या, तर विघटन उलट वेग घेते. उन्हात जुने झालेले प्लास्टिक स्वतःच क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करून शेजारच्या रसायनाला तोडू शकते. प्लास्टिक कोणते, रसायन कोणते, प्रकाश किती, यावर सारे अवलंबून. प्रयोगशाळेच्या काचपात्रात दिसणारा हा लाभ गाळाच्या अंधारात कितपत मिळेल, याविषयी मी साशंक आहे.

कारण नदीत पुष्कळसे कण अखेर गाळातच जातात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे 2020 साली राज्यातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. तेथील जलाशय गाळाने भरत आला आहे, आणि दिंडोरी-निफाडचे पाणी कादवाच तेथे आणते. त्या गाळात ऊन नाही, प्राणवायू थोडका. पक्षी आणि मासे मात्र त्याच गाळातून आपले अन्न शोधतात.

पाणी-परीक्षणाचा अहवाल वाचतानाही सावध असावे. विरघळलेले रसायन मोजण्यासाठी नमुना पुष्कळदा आधी गाळून घेतात. कणांना चिकटलेले रसायन गाळणीवरच राहते. अहवाल स्वच्छ, खाते उघडेच.

आपल्या घरी पाणी वस्त्राने गाळण्याची परंपरा आहे. बांगलादेशातील खेड्यांत रिटा कॉलवेल यांच्या पथकाने साडीच्या कापडाच्या चार घड्यांतून पाणी गाळायला लावले, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. 2003 सालचा तो निष्कर्ष. मात्र असे कापड सुमारे वीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. त्याहून बारीक प्लास्टिक निसटते. तेव्हा आवर घालायचा तो उगमाशीच.

आणि तो उगम आपल्यापैकी अनेकांच्या दुकानातून जातो. पिंपळगाव, लासलगावच्या कृषी सेवा केंद्रांत मल्चिंग पेपर स्वस्त म्हणून पातळ खपतो. पातळ कागद हंगामाअखेर उचलताना हातात चिंध्या येतात. जाड कागद बराचसा सलग निघतो. रोलमागे काही रुपये अधिक मोजावे लागतात, हे गिऱ्हाइकाला आपणच समजावून सांगू शकतो. वापरलेला कागद परत आणणाऱ्यास पुढील रोलवर सूट दिली, तर तो बांधावर जळणार नाही आणि ओढ्यातही जाणार नाही. गोळा झालेला माल भंगारवाला घेतो. माती झटकलेली असली, की भाव थोडा बरा मिळतो.